कुलाब्याची गाडी: १९३० साली उखडलेले रूळ आणि आता जमिनीखालून आलेली मेट्रो

सातपंधरा_फास्ट

२०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हा आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये एकाने लिहिलं, "मुंबईच्या टोकाला पहिल्यांदाच रेल्वे पोचली." चाळीसेक जणांनी अंगठे दिले. मला मात्र राहवेना. पहिल्यांदा नाही हो. कुलाब्याला रेल्वे होती. जवळजवळ साठ वर्षं होती, विरारहून निघालेल्या माणसाला गाडी न बदलता तिथवर नेत होती, आणि आपण ती हाताने उखडून टाकली. त्या गाडीबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, ते आज लिहितो.

सुरुवात कापसापासून करावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशावर कंपन्या निघाल्या. त्यांतल्या एका कंपनीचं काम होतं बॅकबेमध्ये भराव घालून समुद्रातून जमीन काढायचं. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. किनाऱ्यालगत जो थोडाफार भराव झाला होता त्याची लांबट पट्टी उरली. बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) रेल्वेची गाडी १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत आली होती. तिला पुढे शहरात शिरायला वाट हवी होती, ती या पट्टीवरून मिळाली. चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट अशी आपली पश्चिम रेल्वे समुद्राला खेटून का गेली, याचं उत्तर त्या बुडालेल्या कंपनीत आहे.

१२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरार सोडायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत निघायची. नोकरदाराची वेळ तेव्हापासून तीच आहे! त्या काळची स्टेशनांची नावं वाचताना मला फार गंमत वाटते: नीला म्हणजे नालासोपारा, पहाडी म्हणजे गोरेगाव, अंदारू म्हणजे अंधेरी, बांडोरा, दादारी. पुढे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ चर्चगेटच्या दक्षिणेला वाढवून कुलाब्यापर्यंत नेले. कापसाचा बाजार फोर्टातून कुलाब्याला हलून तीसेक वर्षं झाली होती, ससून डॉक तिथेच बांधला जात होता, त्यामुळे मालाची चिंता नव्हती. प्रवासी वाढले तसं १८९६ ला कुलाब्याला मोठं टर्मिनस उभं राहिलं.

म्हणजे चर्चगेट हे तेव्हा शेवटचं स्टेशन नव्हतं, मधलं होतं. आज आपण चर्चगेटला उतरतो तेव्हा समोर बफर आणि त्यापलीकडे भिंत दिसते. तिथून रूळ सरळ पुढे जात होते. पश्चिम रेल्वेचं ते घुमटवालं दगडी मुख्यालय, १८९९ चं, स्टेशनच्या शेवटाला उभं आहे असं आज वाटतं. बांधलं तेव्हा गाड्या त्याच्या अंगावरून पुढे कुलाब्याला जायच्या.

५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला फ्रंटियर मेल सुरू झाली, तिचंही इकडचं टोक कुलाबाच. कुलाब्याच्या फलाटावर डब्यात बसलेला माणूस पेशावरला उतरत होता. आणि ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद. विजेच्या तारा लावून तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. लांबच्या गाड्यांसाठी त्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, बॉम्बे सेंट्रल उघडलं होतं आणि लोकल चर्चगेटला थांबवल्या.

कारण पुन्हा भराव. १९२० च्या दशकात सरकारने स्वतः बॅकबेचा भराव हाती घेतला. आठ तुकडे, एकूण १,१४५ एकर जमीन काढायची योजना होती. नवी जमीन आणि जुनं शहर यांच्या मधोमध रेल्वे आडवी येत होती, आणि रुळांखालच्या जागेलाही भाव आला होता. योजनेचा खर्च हाताबाहेर गेला, वीर नरिमन यांनी तिचे वाभाडे काढले, आठपैकी चारच तुकडे तेव्हा पुरे झाले. पण रेल्वे गेली ती गेलीच.

मला खरं दुःख पुढच्या गोष्टीचं आहे. रूळ काढल्यावर तिथे काय आलं बघा. सचिवालय, म्हणजे आताचं मंत्रालय, १९५५ ला आलं. मग साठ-सत्तरच्या दशकांत नरिमन पॉइंटचे टॉवर, एअर इंडियाची इमारत, कफ परेड, वर्ल्ड ट्रेड सेंटर, १९८१ ला विधान भवन. राज्याचा कारभार आणि देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं नेमकी त्या दोन-अडीच किलोमीटरांत येऊन बसली, जिथून आपण रेल्वे काढून टाकली होती. मी एकतीस वर्षं मंत्रालयाच्या आसपास नोकरी केली. एकतीस पावसाळे चर्चगेटबाहेर शेअर टॅक्सीच्या रांगेत काढले. रांग चार-चार माणसांनी पुढे सरकते, आपण छत्रीच्या काड्यांतून घड्याळ बघतो, आणि लेट मार्क लागणार हे रांगेत अर्ध्यावर असतानाच कळतं. शेवटी बहुतेक जण चालतच निघतात. त्या रस्त्याने जाताना दर वेळी मनात यायचं, की माझ्या आजोबांच्या पिढीतला कारकून हेच अंतर गाडीत बसून गेला असता.

मेट्रो आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण कुलाब्याला गाडी परत आली, विरारची गाडी परत आली नाही. चर्चगेटला उतरायचं, जिने उतरायचे, वेगळं तिकीट, वेगळी तपासणी, मग विधान भवन किंवा कफ परेड. याला पुनरुज्जीवन म्हणायचं का? आणि म्हणता यावं यासाठी काय करता येईल? तुमचे अनुभव, आठवणी, माहिती लिहा.

---

गिरगावकर_४

उत्तम लेख. क्वीन्स रोड म्हणजे आताचा महर्षी कर्वे रोड. त्याच्या पलीकडे रूळ आणि रुळांच्या पलीकडे थेट पाणी, असं आमच्या आजीच्या बोलण्यात यायचं. मरीन ड्राइव्ह नंतरचा. आजी लग्न होऊन गिरगावात आली तेव्हा भराव चालू होता. ती कायम "गाडीपल्याडचा दर्या" म्हणायची. मला लहानपणी ते कळायचं नाही, कारण मी बघितलं तेव्हा गाडीपल्याड इमारतीच होत्या.

एक शंका. ट्रॅमचा काही संबंध होता का? कुलाब्याला ट्रॅम जात होती, म्हणून रेल्वे नको असं झालं असेल का?

---

सातपंधरा_फास्ट

ट्रॅम रेल्वेच्या जवळजवळ बरोबरीची. ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, १९०७ ला विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्रॅम धावली. रेल्वे बंद झाल्यावर कुलाब्याचा भार काही वर्षं ट्रॅमने उचलला हे खरं. पण ट्रॅम आहे म्हणून रेल्वे काढली असं मला कुठे दिसलं नाही. दोघींचे प्रवासी वेगळे. बोरिवलीचा माणूस ट्रॅमने कुलाब्याला येत नव्हता.

"गाडीपल्याडचा दर्या" हे शब्द मी जपून ठेवतो.

---

वसईची_पोर

दादा, तुम्ही ऑफिसवाल्यांचं लिहिलंत, मी आमच्या बायकांचं लिहिते.

आई आणि मावशी बावीस-तेवीस वर्षं ससून डॉकवरून मासळी आणायच्या. लिलाव पहाटे असतो. त्यासाठी पहिल्या गाड्यांतली एक पकडायची, लगेजच्या डब्यात रिकाम्या पाट्या घेऊन बसायचं, चर्चगेटला उतरायचं. तिथून डॉकपर्यंत चार-पाच जणी मिळून टॅक्सी. परतताना पाट्या भरलेल्या, बर्फाचं पाणी गळतंय, त्यामुळे टॅक्सीवाले थांबत नाहीत, थांबले तर जास्त मागतात. आईचा हिशोब सोपा होता: गाडीचा पास महिन्याचा, पण टॅक्सी रोजची, आणि मासळीतला फायदा टॅक्सी खाते.

कुलाब्याला टर्मिनस होतं हे मी आज पहिल्यांदा वाचलं. म्हणजे वसईत डब्यात चढलेली पाटी थेट ससून डॉकच्या दारात उतरत असणार. आईला हे सांगितलं तर ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याआधीच्या बायका सुखी होत्या म्हणायच्या."

मेट्रो आमच्यासाठी नाही. पहिली गाडी सहाच्या सुमारास, तोवर लिलाव उरकत आलेला असतो. आणि मासळीची ओली पाटी मेट्रोत कोण घेऊ देणार? मी स्वतः आता नोकरीला जाते, मला मेट्रो आवडते, एसी आहे, स्वच्छ आहे. पण कुलाब्याची गाडी परत आली असं म्हणताना ती कोणासाठी परत आली हेही बोलायला हवं.

---

सातपंधरा_फास्ट

ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोठा आहे. रेल्वे कुलाब्याला नेली ती मालासाठी, आणि मी पूर्ण लेखात मालाचा उल्लेख एका वाक्यात उरकला. लगेजचा डबा ही लोकलची फार मोठी गोष्ट आहे. मेट्रोत तिची जागा कशानेच भरली नाही.

---

आरेखन

दोघांचंही पटलं. आता माझ्या क्षेत्रातलं थोडं. "चर्चगेटची लोकलच पुढे कुलाब्याला न्या की" असं बरेचदा ऐकू येतं, म्हणून ते कुठे अडतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, लोकल मेट्रोच्या बोगद्यात जाऊच शकत नाही. लोकलच्या दोन रुळांतलं अंतर १,६७६ मिमी आणि मेट्रो ३ चं १,४३५. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, मेट्रोचा ३.२ मीटर. बोगदा त्या मापाने खोदलेला आहे.

दुसरी गोष्ट, लोकलसाठी वेगळा बोगदा करायचा म्हटलं तर चर्चगेटच्या दक्षिणेला रस्ते, इमारती, त्याखाली पादचारी भुयार आणि त्याच्याही खाली आता मेट्रो. या सगळ्यातून वाट काढायला लोकलला निदान १५ मीटर खाली उतरावं लागेल. ५० मीटरला १ मीटर असा उतार धरला तर त्यासाठी ७५० मीटर लांबी लागते. म्हणजे उतरायला सुरुवात मरीन लाइन्स सोडल्या-सोडल्या करावी लागेल आणि चर्चगेटचे फलाट जमिनीखाली न्यावे लागतील. रोज लाखो माणसं वापरतात ते स्टेशन काही वर्षं अर्धं बंद ठेवून हे करायचं. कागदावर जमेल, प्रत्यक्षात कोणी हात घालणार नाही.

जमिनीवरची जुनी पट्टी तर उरलीच नाही. रेल्वेची जागा एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली की ती पुन्हा सलग होत नाही. म्हणून बंद पडलेल्या मार्गाचे रूळ काढले तरी जमीन विकू नये असं आम्ही लोक ओरडत असतो. कुलाब्याचं उदाहरण मी प्रत्येक वेळी देतो.

माझ्या मते पुनरुज्जीवन म्हणजे तोच रूळ, तेच फलाट असं धरू नका. चर्चगेटला गाडी बदलताना माणसाला किती मिनिटं आणि किती पैसे जास्त लागतात, त्यावर मोजा. मी घड्याळ लावून बघितलं. संध्याकाळच्या गर्दीत मेट्रोच्या दारातून लोकलच्या फलाटापर्यंत मला नऊ मिनिटं लागली, सकाळी सहा. त्यातला बराच वेळ तपासणी आणि सरकते जिने खातात. ही नऊची चार झाली तर विरारच्या माणसाला गाडी परत आली असं नक्की वाटेल.

---

होडीवाला

विषयाला थोडा फाटा फोडतो, क्षमस्व. १८६७ च्या त्या यादीत पांजो नावाचंही स्टेशन होतं, ते लेखात सुटलंय. ते म्हणजे वसईच्या खाडीतलं पाणजू बेट. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये. लोकल पुलावरून जाताना खिडकीतून माडांची झाडं आणि घरं दिसतात तेच. आज तिथे स्टेशन नाही, माणसं होडीने ये-जा करतात. कुलाब्यासाठी हळहळणारे आपण सगळे रोज त्या बेटावरून जातो. तिकडेही कधी लक्ष जावं एवढंच.

---

मैलाचा_दगड

मी थोडं विरुद्ध बोलतो. कुलाब्याचे रूळ गेले म्हणून मरीन ड्राइव्ह मिळाला ना? शहराला समुद्र परत मिळाला. रेल्वेचे रूळ, खडी, कुंपण हे सगळं किनाऱ्यावर राहिलं असतं तर आज दक्षिण मुंबई अशी दिसली असती का? दोन किलोमीटर चालणं काही मोठी शिक्षा नाही. शिवाय मुंबईने असे मार्ग आणखीही सोडलेत. अंधेरी ते ट्रॉम्बे, कुर्ल्यावरून जाणारी गाडी १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली, कारण विमानतळाला जागा हवी होती. विमानतळ नको होता असं कोणी म्हणेल का?

---

सातपंधरा_फास्ट

मुद्दा रास्त आहे, पण मरीन ड्राइव्हबाबत गफलत होते आहे. मरीन ड्राइव्ह नरिमन पॉइंटपासून उत्तरेला चौपाटीकडे जातो. तिथे रूळ काढलेच नाहीत. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड आजही तिथेच आहेत. रुळांच्या पश्चिमेला भराव घातला, त्यावर रस्ता आणि इमारती केल्या. म्हणजे समुद्रकिनारा आणि रेल्वे दोन्ही ठेवता येतात हे तिथेच सिद्ध झालंय. चर्चगेटच्या दक्षिणेलाही तसंच करता आलं असतं, नाहीतर रूळ उंचावर नेता आले असते. केलं नाही, कारण जमीन हवी होती.

चालण्याचंही सांगतो. चाळिशीपर्यंत मी चाललो, छान वाटायचं. पुढे गुडघा धरला. आमच्या ऑफिसात एक बाई आठव्या महिन्यापर्यंत जुलैच्या पावसात ते अंतर चालत येत होत्या. दोन किलोमीटर कोणाला किती असतात हे माणसागणिक बदलतं.

अंधेरी-ट्रॉम्बेची आठवण काढलीत ते बरं केलंत. तिची गोष्ट कुलाब्याच्या अगदी शेजारी बसते. अंधेरी, कुर्ला, चेंबूर, मानखुर्द हाच पट्टा मेट्रो २ब ला जोडावा लागतोय. नव्वद वर्षं त्या भागातला माणूस दादरला वळसा घालून गेला. विमानतळ हवा होता हे मान्य. त्या गाडीला बाजूने दुसरी वाट द्यायची होती, ती दिली नाही.

---

निमाताई

मी इथे फार लिहीत नाही, पण या धाग्यावर लिहायलाच हवं.

वडील रेल्वेत होते. मी सहा ते चौदा वर्षांची असताना आम्ही बधवार पार्कमध्ये राहायचो. लोक त्याला बुधवार पार्क म्हणतात. कुलाबा टर्मिनसची जागा ती हीच. रेल्वेने तिथे पुढे आपल्या अधिकाऱ्यांची वसाहत केली. लहानपणी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एकदा मे महिन्यात आईने कर्दळी लावायला इमारतीमागे खड्डा खणायला घेतला. हातभर खाली गेल्यावर खुरपं खणकन वाजलं. माती उकरली तर जाडजूड लोखंडी खिळा निघाला, वीतभर लांब, गंजून तपकिरी झालेला, डोकं एका बाजूला चोचीसारखं वळलेलं. आईला वाटलं जुन्या बांधकामाचा असेल. वडील ऑफिसातून आले, त्यांनी तो नळाखाली धुतला आणि हातात फिरवत बसले. ते गँगमनकडून काम शिकलेले. म्हणाले, "हा डॉग स्पाइक आहे. लाकडी स्लीपरला रूळ ठोकायचा. इथे आपल्या खाली रूळ होते." मग जेवताना त्यांनी आम्हा भावंडांना कुलाबा स्टेशनची गोष्ट सांगितली. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटत राहिलं, की आत्ता खालून गाडी जाईल.

तो खिळा वडिलांनी पेपरवेट म्हणून निवृत्तीपर्यंत वापरला. आता माझ्या टेबलावर आहे.

मेट्रो सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी एकटी गेले. कफ परेडला उतरले, वर आले आणि चालत बधवार पार्कच्या फाटकापर्यंत गेले. खिळा पर्समध्ये घेतला होता. तपासणीत त्यांनी विचारलं हे काय, मी सांगितलं. ती मुलगी तरुण होती, तिने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "मॅडम, इथे खरंच स्टेशन होतं?" मला फार बरं वाटलं, तिला दोन मिनिटं सगळं सांगितलं. मागे रांग थांबली होती, कोणी काही बोललं नाही.

त्या परिसरात कुठेही एक पाटी नाही. नव्या स्टेशनात भिंती इतक्या मोठ्या आहेत, त्यांतल्या एका भिंतीवर जुन्या टर्मिनसचं छायाचित्र आणि १८९६-१९३० एवढे आकडे लावले तरी पुरे.

---

गिरगावकर_४

निमाताई, अंगावर काटा आला. त्या खिळ्याचा फोटो टाकाल का?

---

आरेखन

पाटीची मागणी लेखी करू. मी मसुदा लिहितो. त्यात दोन गोष्टी घालू या, तीन घातल्या की एकही होत नाही असा माझा अनुभव आहे. एक, कफ परेड स्टेशनात कुलाबा टर्मिनसची माहिती. दोन, लोकलच्या मासिक पासात चर्चगेटपासून पुढचा मेट्रोचा टप्पा जोडून घेण्याची सोय. आता एका ॲपवर सगळी तिकिटं निघतात, पण भाडं वेगवेगळंच भरायचं. मेट्रोचं कमीत कमी ₹१०, म्हणजे जाऊन-येऊन ₹२०, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर ₹५००. विरारच्या शिपायाला हे परवडत नाही म्हणून तो अजून चालतोय. विरार ते कुलाबा एक पास, हीच जुनी गाडी परत आणणं आहे.

---

वसईची_पोर

तिसरी घाला ना. पहाटे चर्चगेट ते ससून डॉक, मासळीच्या पाट्या घेणारी बस. मेट्रोचं काम नाही ते, पण गाडी गेल्यामुळे जे तुटलं त्यातलंच आहे.

---

आरेखन

घालतो. वेगळ्या पत्रात, बससेवेच्या नावाने. तिकडे तीच पहिली मागणी राहील. पहाटे साधारण किती जणी जातात आणि कोणत्या गाडीने, एवढं आईंना आणि मावशींना विचारून मला कळवा. आकडा असला की पत्र उचललं जातं.

---

वसईची_पोर

उद्याच विचारते. मावशीच्या वहीत सगळ्यांची नावं आहेत, टॅक्सीच्या हिशोबाची.

---

सातपंधरा_फास्ट

तोवर एक करू. येत्या रविवारी सकाळी साडेसातला चर्चगेटच्या दगडी मुख्यालयासमोर जमू. तिथून जुन्या मार्गाच्या अंदाजाने चालत बधवार पार्कपर्यंत. परत मेट्रोने. मी १९३० च्या आधीच्या नकाशाची छापील प्रत आणतो. निमाताई, जमलं तर या, आणि खिळा आणा. मैलाचा_दगड, तुम्हीही यायचं आहे, वाटेत भांडू. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांनी सव्वानऊला थेट कफ परेडच्या स्टेशनात यावं, आम्ही खाली फलाटावर भेटू.

---

निमाताई

येते. सव्वानऊला, मेट्रोने. खिळा आणते.